केबल काढली, आता मॅच कुठे बघायची?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रश्नांत एकच विषय सारखा दिसतोय. केबल बंद केली किंवा करायचीय, सिरियलचं काही अडत नाही, त्या मोबाईलवर दिसतात, पण खेळांचं काय? आणि खेळ म्हणजे नुसती इंडियाची मॅच नाही तर आपली कबड्डी, कुस्ती, रणजी, कोल्हापूरचा फुटबॉल, सगळंच. म्हणून या वेळी फक्त हेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आम्ही कराडजवळ राहतो. केबलचं बिल साडेतीनशेच्या वर जायला लागलं म्हणून दिवाळीत काढून टाकली. वायफाय आहे, टीव्ही स्मार्ट आहे. मला आणि बायकोला फरक पडला नाही, पण वडील 74 वर्षांचे आहेत, त्यांचा सगळा जीव कबड्डी, कुस्ती आणि इंडियाच्या मॅचमध्ये. ॲप उघडणं त्यांना जमत नाही. रोज विचारतात, चॅनेल कितव्या नंबरला गेलं? कमी पैशात काय करता येईल?
*(एक वाचक, कराड)*

उत्तर : दादा, आधी वडिलांच्या तीन आवडी वेगवेगळ्या करा, कारण तिन्ही तीन ठिकाणी मिळतात आणि तिन्हींसाठी एकच पॅक शोधायला गेलात की परत साडेतीनशेवर याल.

पहिली इंडियाची मॅच. यासाठी डीडी फ्री डिश बसवा. ही दूरदर्शनची स्वतःची डीटीएच सेवा, 2004 पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य. छत्री आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारात काम होतं, तेही एकदाच. घरावर आधीच्या कुठल्या कंपनीची छत्री पडून असेल तर बहुतेक वेळा तीच वळवून चालते, मग फक्त बॉक्सचे पैसे. बॉक्स घेताना एमपेग-4 वालाच मागा, जुना एमपेग-2 स्वस्तात गळ्यात मारतात आणि मग काही चॅनेल दिसतच नाहीत. छत्री आपल्याकडून आग्नेयेला बघते, तेव्हा त्या बाजूला नारळ किंवा शेजाऱ्याची टाकी आड येत नाही ना ते आधी बघून घ्या. जोराचा पाऊस आला की चित्र जातं, तेवढं सगळ्याच छत्र्यांचं होतं, पाऊस ओसरला की परत येतं.

आता यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ती कळली की फ्री डिश का म्हणतोय ते लक्षात येईल. 2007 चा एक कायदा आहे, त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलला प्रसार भारतीबरोबर (म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेबरोबर) वाटून घ्यावंच लागतं. भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-20, ऑलिंपिक, एशियाड, कॉमनवेल्थ हे त्यात येतात. पण 2017 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हे वाटून घेतलेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून दाखवायचं, खासगी केबल आणि खासगी डीटीएचवरून नाही. म्हणजे काय झालं, केबलला पैसे भरणाऱ्या माणसाला दूरदर्शनवर ती मॅच दिसत नाही आणि फुकटच्या फ्री डिशवाल्याला दिसते! तुमचे वडील केबल असताना डीडी स्पोर्ट्स लावून बघत असतील आणि मॅचच्या वेळी तिथे भलतंच काही लागत असेल तर कारण हेच. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे रिमोट साधा, नंबर दाबला की चॅनेल. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी कबड्डी. प्रो कबड्डी डीडीवर शोधू नका, ती स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टारकडे असते, तिथे पैसे लागतात. पण वर्षभर लागत नाहीत. 2025 चा सीझन बघा, 29 ऑगस्टला सुरू झाला आणि 31 ऑक्टोबरला फायनल, पुणेरी पलटण दिल्लीकडून 31-28 ने हरली (अजून लागतंय ते मनाला). म्हणजे सगळं मिळून दोन महिने. जिओहॉटस्टार फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झालं तेव्हा टीव्हीवर चालणारा सुपर प्लॅन तीन महिन्यांना 299 होता, नंतर दर बदललेत, भरायच्या आधी ॲपमध्ये आजचा दर बघा. पण हिशोब तोच राहतो, सीझन सुरू झाला की भरायचं, संपला की बंद. आयपीएललाही तसंच, मार्चअखेर ते मे-जूनची सुरुवात, तीन महिन्यांत बसतं. वर्षाचा प्लॅन "स्वस्त पडतो" असं ॲप ओरडून सांगतं, पण ज्या घरात वर्षातून दोनच स्पर्धा बघतात तिथे तो स्वस्त पडेलच असं नाही, आधी कागदावर मांडा. आणि एक काम त्याच दिवशी करा, पैसे भरल्या भरल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करून टाका. प्लॅन मुदतीपर्यंत चालतोच, पुढचे पैसे तेवढे आपोआप कापले जात नाहीत. हे न केल्यामुळेच बहुतेकांची बचत पाण्यात जाते.

भरायच्या आधी तुमच्या वायफायच्या प्लॅनमध्येही डोकावून या. बऱ्याच ब्रॉडबँड प्लॅनमध्ये आणि मोबाईलच्या रिचार्जमध्ये जिओहॉटस्टार आतच दिलेलं असतं, लोकांना पत्ताच नसतो आणि वेगळे पैसे भरत बसतात.

तिसरी कुस्ती, आणि इथे तर केबलची कधी गरजच नव्हती. गुढीपाडव्यानंतर यात्रा-जत्रा सुरू झाल्या की सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातली मैदानं यूट्यूबवर लाईव्ह असतात. कुंडल, वारणानगर अशी मोठी मैदानं तर त्यांच्या त्यांच्या वेळी असतातच, पण एखाद्या लहान गावच्या यात्रेतल्या शंभर रुपयांच्या कुस्तीपासून शेवटच्या नंबर एकच्या कुस्तीपर्यंत सगळं दिसतं, निवेदकाचा आवाज, हलगी, सगळ्यासकट. महाराष्ट्र केसरीचंही तसंच, 1961 पासूनची स्पर्धा आहे, गादीवरच्या (मॅटवरच्या) कुस्तीचा विजेता आणि मातीवरच्या कुस्तीचा विजेता शेवटी गदेसाठी लढतात, त्या दिवसांत यूट्यूबवर दहा ठिकाणी सापडते. वडिलांना टाइप करायला लावू नका. रिमोटवर माईकचं बटण असतं ते दाबून "कुस्ती मैदान लाईव्ह" असं मराठीत बोलायचं, एवढं एक शिकवा, दोन दिवसांत जमतं. आणि पाच-सहा चांगली चॅनेल तुम्ही स्वतः बसून सबस्क्राइब करून ठेवा, कारण जुन्या कुस्त्या लाईव्ह म्हणून चालवणारेही भरपूर आहेत. ओळखायचं कसं, तर पाठीमागच्या बॅनरवरची तारीख वाचा, आणि बाजूला चॅटमध्ये लोक आत्ता चालू असलेल्या पैलवानाचं नाव घेतायत का बघा.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे, क्रिकेट अकॅडमीत जाते. कोच म्हणतात नुसती आयपीएल बघू नको, रणजी बघ. पण रणजी कुठे लागतच नाही! केबल होती तेव्हाही दिसत नव्हती आणि आता तर तीही नाही. महाराष्ट्राच्या मॅच बघायला मिळाव्यात असं खूप वाटतं.
*(एक आई, नाशिक)*

उत्तर : ताई, कोच योग्य सांगतायत. रणजीचं असं आहे की एका वेळी देशभरात डझनभराच्या वर मॅच चालू असतात आणि त्यातल्या निवडक तेवढ्याच टीव्हीवर आणि जिओहॉटस्टारवर येतात, मुंबईची किंवा एखादा मोठा खेळाडू खेळत असला तर ती हमखास. नॉकआउटपासून जास्त दिसायला लागतात. त्यामुळे महाराष्ट्राची साखळी मॅच दिसेलच असा भरवसा कुठलंच पॅक देत नाही, त्यासाठी पैसे भरू नका.

पण तुम्ही नाशिकला आहात हो! हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी होते, जानेवारी 2025 ला महाराष्ट्र आणि बडोदा तिथेच खेळले. सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवरही मॅच होतात, पुण्याजवळचं गहुंजे तर आहेच. रणजीला बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं. मुंबई-विदर्भ 2024 ची फायनल वानखेडेला झाली, मुंबईने 42 वी रणजी जिंकली, तीसुद्धा लोकांनी फुकट बघितली. म्हणून सीझनच्या सुरुवातीला बीसीसीआयच्या साइटवर वेळापत्रक येतं त्यात महाराष्ट्राच्या घरच्या मॅच बघा, तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि शाळेतून एक दिवस मागून घ्या.

मैदानात मुलीला साईटस्क्रीनच्या जवळ, बॉलरच्या हाताच्या रेषेत बसवा. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, त्यामुळे बॉल पडायच्या आधी स्लिपवाले किती इंच पुढे सरकतात, शॉर्टलेगवाला बॅट्समनच्या कुठल्या पायाकडे बघतो, कॅप्टन नुसत्या बोटाने मिडऑफला कसा हलवतो, हे काहीच दिसत नाही. चार दिवसांच्या मॅचमधला सकाळचा पहिला तास तिने असा बघितला तर अकॅडमीत तिला प्रश्न विचारता येतील. वही द्या सोबत, स्कोअर लिहू दे. टी ला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, खेळाडू सीमारेषेजवळून जातात, पोरं बोलतात त्यांच्याशी, टीव्हीच्या कुठल्याही पॅकमध्ये हे नाही.

महिला क्रिकेटचं सांगायचं तर डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, जिओहॉटस्टारवर असते, साधारण महिनाभराचा मामला, तेवढ्यापुरता छोटा प्लॅन घ्या. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्डकप जिंकला त्या मॅचचे हायलाइट्स अधिकृत चॅनेलवर फुकट आहेत, बघितले नसतील तर आजच दाखवा. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात आहे, तुमच्या मुलीला हे लांबचं वाटायला नको.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी पुण्यात. रूमवर केबल नाही, घ्यायचीपण नाही. शाहू स्टेडियमच्या मॅच इथून कशा बघायच्या? मित्र कॉलवर गोल सांगतात ते ऐकून जीव जातो. आमच्या पेठेचं नाव छापू नका पण टीम ओळखाल.
*(फुटबॉलवेडा, पुणे)*

उत्तर : ओळखली नाही आणि ओळखायची पण नाही, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, या तालमी-मंडळांच्या टीमपैकी कुणाचंही एकाचं नाव घेतलं तर बाकीचे फोन करतील.

भावा, तुझं काम सगळ्यात सोपं आहे. कोल्हापूरच्या मोठ्या स्पर्धांच्या मॅच तिथली लोकल चॅनेल यूट्यूबवर लाईव्ह करतात, कॉमेंट्री पण आपल्या भाषेत, आपल्या ठसक्यात. पैसे काही नाहीत. प्रत्येक स्पर्धेचं प्रक्षेपण वेगळ्या चॅनेलकडे असू शकतं म्हणून एकावर विसंबू नको, स्पर्धेचं पोस्टर पडलं की त्यावर खाली लाईव्ह कुठे ते लिहिलेलं असतं, तालमीच्या इन्स्टा पेजवरही लिंक येते, तिथे नोटिफिकेशन चालू ठेव.

पण तू विचारलं नाहीस तरी एक सांगतो. ही चॅनेल चालवणारी दोन-तीन पोरं असतात, एक कॅमेरा गॅलरीत, एक माईक, उन्हात बसून मॅच दाखवतात, त्यांच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही. त्यांचा खर्च जाहिरातीतून आणि व्ह्यूजमधून निघतो. म्हणून मॅच त्यांच्याच चॅनेलवर बघ, कुणीतरी त्यावरून रेकॉर्ड करून आपल्या पेजवर टाकलेली बघू नको, आणि गोलचा व्हिडिओ ग्रुपवर टाकताना फाईल न टाकता लिंक टाक. सुट्टीला घरी गेलास की तिकीट काढून आत जा. कोल्हापुरात गल्लीतल्या तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला, तिथून अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला, ते या तिकिटाच्या आणि वर्गणीच्या पैशांवर उभं आहे. केबलचे जे तीन-साडेतीनशे वाचतात त्यातले पन्नास-शंभर इकडे गेले तर मला फार बरं वाटेल.

प्रश्न : हॉस्टेलला राहतो, रोजचा दीड जीबी डेटा. मॅच अर्धी होते आणि डेटा संपतो. वायफाय फक्त लायब्ररीत. काय करू?
*(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)*

उत्तर : सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी ऑटोवर ठेवू नकोस, हाताने कमी कर. 720 वर तासाला एक ते दीड जीबी जातो, 480 वर साधारण निम्मा. टी-20 मॅच साडेतीन तासांच्या वर चालते म्हणजे 480 वर ठेवूनही दीड जीबीत पूर्ण बसणार नाही. मग एकच इनिंग बघ, दुसरीचे शेवटचे पाच ओव्हर बघ. कबड्डीला ही अडचण नाही, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, तासाभरात खेळ खल्लास, आरामात बसतं. मधल्या वेळात आकाशवाणी लाव, न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट आहे, इंडियाच्या बऱ्याच मॅचची कॉमेंट्री असते आणि डेटा नावालाच जातो. प्लॅन घ्यायचा झाला तर फक्त मोबाईलवाला घे, तो सगळ्यात स्वस्त असतो, तुझ्याकडे टीव्ही नाहीच. गावच्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट बघायच्या असतील तर क्रिकहीरोज ॲपवर स्कोअर लाईव्ह असतो, बऱ्याचदा व्हिडिओ पण.

प्रश्न : केबल पूर्ण काढण्यापेक्षा फक्त स्पोर्ट्सचे दोन चॅनेल ठेवले तर? केबलवाला म्हणतो असं होत नाही, पॅकच घ्यावा लागेल.
*(एक काकू, डोंबिवली)*

उत्तर : होतं काकू, हक्क आहे तुमचा. 2019 ला ट्रायचे (केबल-डीटीएचवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम लागू झाले तेव्हापासून सुटे चॅनेल निवडता येतात आणि प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर असते. अडचण वेगळी आहे. चॅनेलच्या पैशाशिवाय नेटवर्कचा चार्ज द्यावाच लागतो, तो तेव्हा 130 रुपये अधिक जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे होता, 2024 मध्ये ट्रायने त्यावरची मर्यादाच काढली, आता कंपनी ठरवेल तो. त्यामुळे दोनच चॅनेल घेतले तरी सुरुवातच दीडशेच्या आसपास होते. घरात इंटरनेट अजिबात नसेल आणि रोज काही ना काही खेळ लागतोच असं असेल तर हाच मार्ग स्वस्त, नेट घेऊन ॲप घेण्याच्या भानगडीत पडू नका. नेट आधीच असेल तर मात्र केबल काढा. केबलवाल्याला तोंडी विचारू नका, हव्या त्या चॅनेलची यादी लिहून व्हॉट्सॲप करा आणि महिन्याचं एकूण किती ते लेखी मागा. लेखी मागितलं की उत्तर बदलतं. आणि बंद करताना सेट टॉप बॉक्स परत केल्याची पावती घ्या, डिपॉझिट भरलं असेल तर ते मागा.

प्रश्न : टेलिग्रामवर आयपीएलची लिंक फुकट मिळते, शिवाय एक जण वर्षाला हजार रुपयांत "सगळे चॅनेल" देतो म्हणतो. घ्यावं का?
*(नाव नको, लातूर)*

उत्तर : नाही. ते चोरीचं प्रक्षेपण आहे आणि त्याचं ॲप प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायला लावतात, ज्या फोनमध्ये तुमची बँक आहे. हजार घेऊन ऐन फायनलला लिंक बंद पडली तर तक्रार कुणाकडे करणार? एवढ्या पैशात एका सीझनचा खरा प्लॅन येतो.

प्रश्न : आमच्या मंडळात बऱ्याच जणांनी केबल काढलीय. एकाचं जिओहॉटस्टार घेऊन चौकात प्रोजेक्टर लावून आयपीएल फायनल दाखवायचा विचार आहे. वर्गणी काढून खर्च वाटून घेऊ. चालेल का?
*(मंडळाचे कार्यकर्ते, सोलापूर)*

उत्तर : कल्पना छान आहे, एकत्र मॅच बघण्यासारखं सुख नाही, पण या पद्धतीने नको. घरचा प्लॅन घरगुती वापरापुरताच असतो, चौकात जाहीर दाखवायला, त्यातही वर्गणी काढून, वेगळी परवानगी लागते, आणि रस्त्यावर पडदा-स्पीकर म्हटलं की पोलिसांचीही.

आयपीएलसाठी बीसीसीआय स्वतः फॅन पार्क लावते, 2015 पासून, वेगवेगळ्या शहरांत, मोठा पडदा आणि प्रवेश फुकट. मार्चमध्ये शहरांची यादी येते, सोलापूर किंवा जवळपासचं शहर असेल तर सगळे मिळून जा.

आणि चौकात काही करायचंच असेल तर आपल्या जिल्ह्यातली खो-खोची किंवा कबड्डीची फायनल दाखवा ना. जानेवारी 2025 च्या खो-खो वर्ल्डकपला भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, पण चौकात कुणाला विचारा, नावं सांगता येत नाहीत. स्थानिक स्पर्धेच्या आयोजकांना आणि जे यूट्यूबवाले दाखवतात त्यांना एक पत्र द्या, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील, वरून पोरं पण पाठवतील. पत्राची प्रत आणि त्यांचं उत्तर जवळ ठेवा, पोलीस चौकीत परवानगी मागायला जाताना तेच लागेल. अर्ज आठवडाभर आधी द्या, आणि स्पीकर रात्री 10 ला बंद.